पाकीट बंद करण्याआधी

दामू,

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळत आलो. आधी वाटायचं, वेळ आली की सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग. या दोन्हींच्या मधे एखादा दिवस असा असणार की तेव्हा सांगायला हवं होतं. तो कधी येऊन गेला ते मला कळलं नाही, किंवा कळलं आणि मी घरात बसून राहिलो.

तू जाऊन आज बावीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. सकाळी उठतो, दूध आणतो, पेपर वाचतो. गुरुवारी अकराच्या सुमाराला पुढचं दार उघडून ठेवतो, मग आठवतं आणि लावून घेतो. एवढंच.

पोशीरच्या वाचनालयात तुझा फोटो लावणार आहेत. त्या दिवशी वाटायला एक लहान पुस्तिका काढायची आहे. वैशालीचा फोन आला, काका, बाबांबद्दल दोन शब्द लिहून द्या. तुझ्या लेकीला नाही कसं म्हणणार? बसलो आणि लिहिलं: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, निगर्वी. वाचून पाहिलं. हे कोणाच्याही फोटोखाली चालेल. कागद फाडला आणि दुसऱ्या दिवशी पोशीरला जाऊन वैशालीला खरं काय ते सांगितलं. ज्या चुकीपायी तू सहा वर्षं वह्या तपासत बसलास, ती तुझ्या कामात नव्हतीच. ती मी केली होती, जाणूनबुजून केली होती, आणि तू शोधतो आहेस हे बघत गप्प राहिलो होतो.

ती तुझ्या वह्या ओटीवर ओळीने लावत होती. ऐकताना तिचे हात थांबले. तिने एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"मग लिहा," ती म्हणाली. "आणि असं लिहा काका, की गावातल्या माणसाला कळलं पाहिजे. तुमच्या कॉलेजच्या भाषेत नको."

त्या दिवशी तिने मला चहा विचारला नाही. तुझ्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

म्हणून तुला ठाऊक असलेल्याही गोष्टी इथे लिहितो आहे. कंटाळू नकोस.

तू शेतकी खात्यात आकडेवारीच्या कामावर होतास. भात कापणीला आलं की तालुक्यातली काही शेतं निवडायची, प्रत्येकातला ठरावीक मापाचा एक तुकडा कापायचा, झोडायचा, वजन करायचं, आणि त्यावरून गावात पीक किती आलं ते काढायचं. शेतातला तुकडा कुठला घ्यायचा हे कोणाच्या नजरेवर सोडत नाहीत. त्यासाठी अंकांचं छापील कोष्टक असतं. त्यात जो अंक येईल तितकी पावलं बांधापासून लांबीने, पुढचा अंक येईल तितकी रुंदीने, आणि पाय थांबेल तिथे खुंटी.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. तेच कोष्टक मी दरवर्षी फळ्यावर समजावत होतो आणि एकदाही शेतात गेलो नव्हतो. तू मला लोधिवलीला घेऊन गेलास. तिथल्या म्हाताऱ्याला वाटत होतं की खुंटी चांगल्या पिकात ठोकावी, सरकारी कागदावर आपल्या शेताची शोभा व्हावी. त्याचा कर्ता मुलगा मागून खुणा करत होता, कारण पीक कमी दिसलं तर विम्याचं काही जमण्यासारखं होतं. बाप तुला उजवीकडे चला म्हणत होता, लेक डावीकडे. तू दोघांना हो-हो करत पावलं मोजत राहिलास. खुंटी आली ती एका खळग्यात. भात अर्धं आडवं झालेलं.

"साहेब, माजी सगली शेती काय अशी हाय का?" म्हातारा म्हणाला.

"नाय बाबा. पन माजा नंबर असा हाय."

"मंग तुमचा नंबरच खराब हाय."

मी बांधावर उभा राहून हसत होतो. परत येताना तू मला सांगितलंस, "जागा आदी ठरवायची रं मास्तर, पीक मंग बघायचं. पीक बघून जागा ठरवली की मोजनी मेली." मी वर्गात हे दोन तास घेऊन सांगायचो आणि तरी मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही.

या एका गोष्टीवर तुझं नाव होतं. पोशीरपासून नेरळपर्यंत कुठेही बांधाचा तंटा झाला की सरकारी मोजणी यायच्या आधी लोक तुला बोलवायचे. एकमेकांशी न बोलणारे भाऊ तुझी टेप दोन टोकांना धरून उभे राहायचे आणि तू म्हणशील तिथे दगड रोवायचे. तू दोन्ही घरी चहा घ्यायचास. एकाच घरी घेतला तर दुसऱ्याला शंका यायची.

आपण दोघं निवृत्त झाल्यावर हे विश्व मोजायचं खूळ सुरू झालं. गावातल्या माणसाला कळेल असं सांगायचं तर तुझंच उदाहरण घेतो. चौकला माझ्या गच्चीवरून माथेरानचा डोंगर दिसतो. पोशीरला तुझ्या अंगणातूनही माथेरान दिसतं, पण दुसऱ्या अंगाने. डोंगर एक, दिशा दोन. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणेल, डोंगर दोन आहेत. विश्वाचंही असं असू शकतं. ते जर अशा रीतीने जोडलेलं असेल की सरळ निघालेला माणूस चालत चालत मागच्या बाजूने आपल्याच घरी यावा, तर लांबची एकच जागा आपल्याला आभाळात दोन ठिकाणी दिसेल. मग विश्व अमर्याद नाही. त्याला कडा कुठेच नाही, तरी ते मोजून तेवढंच आहे.

हे ऐकून तू म्हणालास, "बांध नाय, पन शेत तेवडंच." मी तीसेक वर्षं शिकवलं, इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

मला विश्व अमर्याद असावं असं वाटायचं. तुला ते पटायचं नाही. संपत नाही ते पेरलं कोणी, असं तू विचारायचास, आणि पुरावा माझ्याकडेही नव्हता. आपला तो वाद राहिला. जगातल्या मोठ्या मोठ्या लोकांचाही राहिला आहे, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटत नाही.

विश्व अगदी कोवळं असताना निघालेला उजेड अजून सगळ्या बाजूंनी आपल्याकडे येतो आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, पण उपग्रहांनी त्याचा नकाशा काढलेला आहे आणि तो इंटरनेटवर कोणालाही उतरवून घेता येतो. रंगीत ठिपक्यांचं आभाळ. तू त्याची मोठी प्रिंट काढून घरी नेलीस तेव्हा सुलभावहिनी म्हणाल्या, "ह्ये आभाळ? करपा पडलाय की याच्यावर." भातावर करपा पडला की पानं अशीच दिसतात. त्यानंतर आपण दोघंही त्या नकाशाला करपाच म्हणू लागलो.

विश्व जोडलेलं असेल तर त्या नकाशात वेगवेगळ्या दिशांना दोन वर्तुळं अशी सापडायला हवीत की एकावरचे ठिपके आणि दुसऱ्यावरचे ठिपके ओळीने जुळावेत. माथेरानचा तोच कडा तुला आणि मला दिसावा, तसे. पण आभाळ मोठं आहे. लाखो जोड्या तपासल्या तर एखादी निव्वळ योगायोगानेही बरीच जुळणार. म्हणून आपण संगणकावर खोटी आभाळं बनवली, ज्यांत विश्व कुठेही जोडलेलं नाही. त्यांतही वर्तुळं शोधली आणि योगायोगाने जास्तीत जास्त किती जुळतं ते पाहिलं. खऱ्या आभाळातली जोडी या सगळ्या खोट्या आभाळांपेक्षा सरस निघाली, तरच तोंड उघडायचं.

आणि खरं आभाळ सगळ्यात शेवटी. हा नियम तुझा. नकाशातला आपल्याच आकाशगंगेचा पट्टा झाकून टाकावा लागतो, कारण तो मधे येतो. तो किती रुंद झाकायचा, नकाशा किती गुळगुळीत करायचा, हे सगळं आधी कागदावर लिहायचं, कागद पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या. मग खोटी आभाळं. मग पाकीट फोडून त्यात लिहिल्याप्रमाणे खरं आभाळ एकदाच. नकाशाचा पेनड्राइव्ह तू माझ्या घरी ठेवू दिला नाहीस. तो पोशीरला, वहिनींच्या मसाल्याच्या डब्यांमागे. मी चेष्टा केली की नकाशा साऱ्या जगाला खुला आहे, मला हवा तर मी पाच मिनिटांत उतरवीन. तू हसलास. तुझ्या मनात आलंच नाही की मी तसं करीन.

दर गुरुवारी तू कर्जतवरून एसटीने चौकला यायचास, डब्यात वहिनींनी दिलेलं काहीतरी असायचं, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत आपण संगणकापुढे बसायचो. वर्तुळांवरचे ठिपके मोजायचा प्रोग्राम तू माझ्याकडून शिकून स्वतः लिहिलास. माझी बायको गेल्यानंतरची ती वर्षं होती. तू आला नसतास तर मी आठवडाभर कोणाशी बोललो नसतो. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

त्या वर्षी भातकापणीत तीन गुरुवार तू आला नाहीस. तिसऱ्या गुरुवारी जेवण झाल्यावर मी नकाशा उतरवला. स्वतःला म्हटलं, प्रोग्राम चालतो का तेवढं बघू. प्रोग्राम चालला. आकाशगंगेचा पट्टा तू म्हणत होतास तितका झाकला, काही विशेष निघालं नाही. मग थोडा कमी झाकला. मग आणखी कमी. मग नकाशा जरा जास्त गुळगुळीत केला. सात-आठ तऱ्हा करून झाल्यावर एका ठिकाणी दोन वर्तुळं जुळली. चांगली जुळली. मी किती वेळ त्या आलेखाकडे बघत बसलो होतो मला सांगता येणार नाही. मग सगळं पुसून टाकलं आणि कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. संगणकावरची.

तुला आता कळलं असेल. मी पीक बघितलं होतं.

पुढच्या गुरुवारी पट्ट्याचा विषय मीच काढला. तू रुंद झाकायचं म्हणत होतास. मी म्हटलं, इतकं झाकलं तर तपासायला आभाळ उरणार किती? हे कारण खोटं नव्हतं, कुठल्याही पुस्तकात सापडेल. गुळगुळीत करण्याबद्दलही मी असंच एक कारण दिलं. दोन तास आपण वाद घातला. तू म्हणत होतास, गंगेची घाण कडेला सांडते, दोन हात लांबच राहिलेलं बरं. शेवटी तू पेन काढलंस. "तू म्हनतोस तर तसं. तू शिकवलंयस आयुष्यभर, मी तं नुसती खुंटी ठोकली." आणि मला हवा होता तो आकडा तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलास. मी सही केली. पाकीट तू खिशात घातलंस आणि वरून हात फिरवून बघितलास.

मी असं का केलं हे वैशालीने विचारलं नाही, तू विचारलं असतंस. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी सिद्ध केलेलं शिकवलं. माझ्या नावावर एक ओळ नव्हती. सत्तरी जवळ आली होती. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, मिळालं नाही.

पाकीट फोडलं त्या दिवशी खरं आभाळ सगळ्या खोट्या आभाळांच्या वर गेलं. जाणारच होतं. तू खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसलास, भिंतीला पाठ टेकून. मग म्हणालास, "मास्तर, संपतं रं हे. कुटंतरी हाय शेवट." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्याच क्षणी सांगता आलं असतं. तेव्हा नुसती थट्टा झाली असती, तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास, आणि आपण नवं पाकीट केलं असतं.

लेख लिहिला तेव्हा तुझं नाव आधी टाकायचा आग्रह मी धरला. तू नको नको म्हणत होतास. वहिनींना वाटलं, भावजींचं मन किती मोठं. मला भीती वाटत होती, म्हणून मी तुला पुढे केलं. पुण्याच्या एका संस्थेतून बोलावणं आलं तेव्हा माझा गुडघा दुखत असल्याचं मी सांगितलं. गुडघा दुखत होता. एवढा नाही.

तू पुण्याला जायच्या आधी कर्जतच्या वार्ताहराने बातमी दिली, पोशीरच्या शाळेत तुझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ. सरपंचांनी भाषणात तुला शास्त्रज्ञ म्हटलं आणि तू खाली बघत राहिलास.

पुण्याचं तू मला नंतर सांगितलंस. तिथे एक तरुण संशोधक मुलगी होती. तिने अगदी आदराने विचारलं, काका, पट्टा किती झाकायचा हे तुम्ही कधी ठरवलं? तू पिशवीतून पाकीट काढून दाखवलंस. सह्या दाखवल्यास. आधी, तू म्हणालास. तिचा विश्वास बसला. तुझ्यावर कोणाचाही बसला असता. मग तिने तिथल्या तिथे पट्टा थोडासा रुंद करून बघितला आणि वर्तुळं जुळायची थांबली. दुसऱ्या उपग्रहाच्या नकाशावर बघितलं, तिथेही काही नाही. सगळं आधी ठरलं होतं म्हणजे प्रोग्राममध्ये कुठेतरी चूक असणार, असं ती म्हणाली. दुसरं काही म्हणण्यासारखं तिच्यापुढे तू ठेवलंच नव्हतंस.

तू परत आलास तो चूक शोधायची असं ठरवूनच.

गावात काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस, वहिनींनी सांगितलं. पहिले काही महिने नुसती थट्टा. काय दामूभाऊ, आभालाचा बांध सापडला का? तू हसून सोडून द्यायचास. मग वरच्या आळीतल्या दोन भावांचा तंटा आला. धाकट्याने तुला बोलावलं, तू टेप घेऊन गेलास, आणि थोरला चारचौघांत म्हणाला, "आभाल मोजाया चुकला, तो माजा बांध काय मोजनार?" टेप गुंडाळलीस आणि घरी आलास. त्यानंतर तू कुणाच्या बांधावर गेला नाहीस, आणि हळूहळू कोणी बोलावलंही नाही. वहिनी म्हणाल्या, टेप त्यांनी कपाटावर टाकली, भावजी, तुमी तरी सांगा त्यांना. मी म्हटलं, सांगतो.

सहा वर्षं तू वह्या भरल्यास. प्रोग्रामची एकेक ओळ वहीत उतरवायचास, हाताने आकडेमोड करायचास, बरोबरची खूण करायचास. गुरुवारी येणं कमी झालं तरी फोन चुकला नाही. मास्तर, आज इथपर्यंत आलो, ठीक हाय. आणि दर वेळी मी म्हणायचो, बघ, असेल कुठेतरी. दामू, हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याचा हिशेब करायला बसलो होतो परवा. सोडून दिला.

एकदा तू मला थेट विचारलंस. माझ्याच ओटीवर, वहीत बोट घालून. "मास्तर, पाकीट बंद जाल्यावर तू काय बदललंस का प्रोग्राममदी?"

"नाही," मी म्हटलं.

हे खरं होतं. पाकीट बंद झाल्यावर मी कशालाही हात लावला नव्हता. तू मान हलवलीस आणि वही पुन्हा उघडलीस. इतकं खरं उत्तर मी त्याआधी कधी दिलं नसेल, आणि त्याच्यामुळे तुझी आणखी तीन वर्षं गेली.

कर्जतच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा वैशालीने कळवलं की बाबा बोलावतायत. मी दुपारी तीनला पोहोचलो. गाडीत बसून काय बोलायचं ते शब्दन् शब्द ठरवलं होतं. तू उशाला टेकून बसला होतास, हाताला सलाईन. खूप बारीक झाला होतास. मी स्टूल ओढून बसलो आणि तोंड उघडणार तेवढ्यात तूच वहिनींना म्हणालास, ती वही दे. वही माझ्या मांडीवर ठेवून तू पान काढलंस.

"सापडली मास्तर."

मी वाचलं. प्रत्येक वर्तुळावरचे ठिपके मोजताना जिथून सुरुवात केली तो पहिला ठिपका तुझ्या प्रोग्रामने शेवटी पुन्हा एकदा मोजला होता. वर्तुळ जिथे सुरू होतं तिथेच संपतं, म्हणून तो ठिपका दोनदा आला. चूक खरी होती. पण हजारभर ठिपक्यांत एक ठिपका जास्त. त्याने काही होत नाही. खोट्या आभाळांतही तो तसाच दोनदा मोजलेला होता, म्हणजे तुलनेला काडीचाही धक्का नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजलं असतं. मला एका नजरेत समजलं.

तुला ते समजलं नव्हतं का, हा प्रश्न मला पडतो. कदाचित तुला सगळं उमगलं होतं आणि तू मला सुटायला वाट करून दिलीस. असं मानलं तर मला बरं वाटतं, म्हणून मी ते मानत नाही. तू आजारी होतास, थकला होतास, आणि तुला चूक हवी होती.

तू माझा हात धरलास. "माजीच होती रं चूक," तू म्हणालास. "तुजं नाव उगाच माज्यासंगं खराब जालं. मला माफ कर."

वहिनी उभ्या होत्या. वैशाली दारात होती. मी म्हटलं, "असू दे, दामू."

तू डोळे मिटलेस. वहिनी म्हणाल्या, बरं जालं भावजी, आता झोपतील तरी. तू खरंच झोपलास. मी तुझा हात हळूच गादीवर ठेवला, वही बंद करून वहिनींकडे दिली, खाली उतरलो आणि चौकची गाडी पकडली. चार दिवसांनी वैशालीचा फोन आला.

तुला स्मशानात नेलं तेव्हा मी होतो. लोक माझ्याजवळ येऊन माझं सांत्वन करत होते, जुना दोस्त म्हणून. मी हात जोडत होतो. तेव्हाही मला काही वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात पुन्हा पुन्हा येत होती, की तू माफी मागितलीस आणि मी ती देऊन आलो.

पुण्याच्या त्या मुलीला मी पत्र पाठवलं आहे, पाकिटाआधी काय घडलं ते सगळं लिहून. वरच्या आळीतल्या त्या थोरल्या भावाच्या घरीही जाऊन आलो. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, दामूभाऊ असताना यायचं होतं मास्तर. मी म्हटलं, हो. वाचनालयात फोटो लागेल त्या दिवशी हे मी उभा राहून वाचणार आहे. वैशालीने सांगितलंय, एक शब्दही गाळायचा नाही.

राहिलं ते त्या दुपारी गाडीत ठरवलेलं बोलणं. वैशालीला मी हकीकत सांगितली, पण ते शब्द तिला सांगितले नाहीत, कारण ते तिच्यासाठी नव्हते. चौक ते कर्जत मी ते मनात म्हणत होतो, आणि दवाखान्याच्या जिन्यावरही. ते असे होते:

दामू, वह्या बंद कर. तुझं काही चुकलेलं नाही. पाकीट बंद करण्याआधी मी आभाळ बघितलं होतं आणि तुला सांगितलं नाही. मला माफ कर.